एकटीपुरतं घर

भिलाईत लोकांना घर सजवणाऱ्या बाईची आठवण होते ती क्वार्टर सोडायची वेळ आली की. सारी नोकरी स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये गेलेली असते. तिथे भिंतीचा रंग प्लांट ठरवतो, खिडकीचा आकार प्लांट ठरवतो, मागच्या अंगणातला पेरू तेवढा आपला. मग निवृत्ती जवळ आली की माणसं जुनवानीकडे प्लॉट घेऊन घर बांधतात, आणि भिंती उभ्या राहिल्यावर त्यांच्या लक्षात येतं की आपल्याला कोणता रंग आवडतो हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा कुठून तरी माझा नंबर मिळवतात.

मीही क्वार्टरमध्येच वाढलेली. वडील वर्ध्याकडून येऊन प्लांटमध्ये क्लार्क झाले आणि इथलेच झाले. मी नागपूरला शिकले, तिथेच लग्न केलं, तिथेच ते मोडलं. आई आजारी पडली तेव्हा भिलाईला परत आले. तोवर क्वार्टर सुटलं होतं आणि आईवडील जुनवानीतल्या एका फ्लॅटमध्ये राहत होते. आधी वडील गेले, मग आई. भाऊ बंगळूरला असतो. फ्लॅटमध्ये मी राहिले.

माझ्या कामात एक विचित्र गोष्ट आहे. कुणाच्याही घरात मी सरळ आतपर्यंत जाते. कोणत्या कप्प्यात दागिने राहणार, नवराबायकोत कोण घोरतं, कुणाला कुणाची खोली जवळ नको आहे, सगळं मला सांगतात. न सांगून चालत नाही. मग काम संपतं. वास्तूच्या जेवणाला बोलावतात, "ह्याच त्या मॅडम" म्हणून पाहुण्यांना दाखवतात, आणि त्यानंतर फोन येतो तो कपाटाचं बिजागर निखळलं की. त्यात त्यांची काही चूक नाही. शिंप्याला तरी कोण रोज जेवायला बोलावतं?

त्या हिवाळ्यात एका माणसाचा फोन आला. रेल्वेत होता, भिलाई-3 ला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होता. बोलताना मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत जात होता, आपल्याकडची त्याच्या वयाची माणसं बोलतात तसा.

"मॅडम, माझी आई जुनवानीत एकटी राहते. बाबा गेल्यापासून. अब हम लोग उसके पास शिफ्ट हो रहे हैं. मी, मिसेस आणि दोन मुली. तर त्या हिशेबानं घर नीट करून द्या. रंग, किचन, मुलींची खोली, सगळं."

मी दुसऱ्या दिवशी गेले. दुमजली घर, पुढे छोटं फाटक. फाटक उघडायला काकू स्वतः आल्या. ठेंगण्या, सुती साडी, केस घट्ट बांधलेले. माझं नाव ऐकून थांबल्या.

"मराठीच ना वो तू?"

"हो काकू."

"मंग मी तुले मॅडम-गिडम नाही म्हणत. चालते ना?"

"चालते."

त्यांनी मला घर दाखवलं. पुढे मोठी बैठक, रस्त्याकडे रुंद खिडकी. सोफ्यावर दुकानातून आलेलं प्लास्टिक अजून तसंच होतं. वर दोन खोल्या, रिकाम्या. आणि सगळ्यात मागे, स्वयंपाकघराला लागून एक छोटी खोली, मूळ नकाशात धान्यासाठी काढलेली. तिथे झोपायचा तख्तपोस, टीव्ही, देव, औषधांचा डबा. काकू त्या खोलीत राहत होत्या.

"बाकीच्या घरात मी झाडाले जाते फक्त," त्या म्हणाल्या.

नव्या घरवाल्यांना मी पहिल्या भेटीत रंग विचारत नाही. तुमचा दिवस सांगा म्हणते. कितीला उठता, पहिला चहा कुठे बसून घेता, ओले कपडे कुठे वाळत घालता. काकूंना विचारलं तर त्यांनी स्वतःचा दिवस सांगितलाच नाही. नातींचा सांगितला. मोठी सकाळी लवकर शाळेत जाते, धाकटी अभ्यासाला जमिनीवरच बसते, सुनेला उंच ओटा लागतो कारण तिची पाठ दुखते. येणाऱ्या माणसांचा सगळा दिनक्रम त्यांना पाठ होता.

काम सुरू झालं. वरच्या पश्चिमेच्या खोलीला उन्हाळ्यात भिंतीतून भट्टीसारखी धग येईल हे दिसत होतं. तिथे मी भिंतभर कपाटं काढली. पश्चिमेची भिंत कपड्यांनी भरून टाका, ऊन आधी कपड्यांना लागतं, मग माणसांना. हे मी सगळ्यांनाच सांगते. उघडी शेल्फं काकूंना एका मासिकात आवडली होती, त्यांना मी नाही म्हटलं. आपल्याकडची काळी बारीक धूळ बघता उघडं शेल्फ म्हणजे रोजचं फडकं. काचेची झडपं लावली.

एका रविवारी नाती आल्या. सगळं घर पळत पाहिलं आणि धाकटी म्हणाली, "आजी, हमको पर्पल चाहिए. पूरा रूम पर्पल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "जांभळा म्हणते ना ती? मंग जांभळाच."

मी मुलीला समजावलं की चारी भिंती जांभळ्या केल्या तर खोली लहान होईल आणि संध्याकाळी अंधारून येईल. पलंगामागची एक भिंत जांभळी करू, बाकीच्या पांढुरक्या. आधी भिंतीवर हातभर तुकडा रंगवून सकाळी, दुपारी, दिव्याखाली असा तीनदा पाहू. दुकानातल्या कार्डावरचा रंग आणि भिंतीवरचा रंग हे लांबचे नातेवाईक असतात. मुलीला ते पटलं की नाही माहीत नाही, पण तो तुकडा पाहायला काकू दिवसातून कितीदा तरी जिना चढत. छत्तीसगढी रंगारी काकूंना दाई, म्हणजे आई, म्हणायचा. तो मला हसून म्हणाला, "दाई तो रंग को सूखने ही नहीं दे रही है."

स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची ठरवायची होती. मी काकूंना भिंतीशी उभं केलं आणि कोपराखाली खूण करायला गेले.

"माह्यं नको मोजू. सुनेचं मोज."

"पण काकू, तुम्हालाही उभं राहायचं आहे."

"मी पाट घेईन पायाखाली. तिची पाठ दुखते."

ओटा सुनेच्या उंचीचा झाला. सहा माणसांचं जेवणाचं टेबल झालं. मुलींच्या खोलीत दोन टेबलं, दोन दिवे. काम संपत आलं तेव्हा मी थोडी रेंगाळू लागले होते. दुपारी काकू मला ताटावर बसवत. झुणका, भाकरी, कधी वडाभात. माझ्या आईच्या हातची चव अशीच होती असं मी म्हणणार नाही, कारण आई स्वयंपाक बेताचाच करायची. पण "घे वो, लाजू नको" असं मला म्हणणारं दुसरं कुणी त्या शहरात उरलं नव्हतं.

मग मुलगा एका संध्याकाळी आला. मी पडद्यांची मापं घेत होते. तो बैठकीच्या दारातच उभा राहिला.

"आई, ऑर्डर आली. बिलासपूर. प्रमोशन आहे."

काकूंच्या हातात पडद्याच्या कापडाचे तुकडे होते. त्यांनी ते सोफ्यावर ठेवले.

"कधी जाचं?"

"लगेच. मुलींची शाळा पण तिथेच बघावी लागेल." मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, जसं काही मीच विचारलं होतं, "मॅडम, मना नहीं कर सकते ना. एकदा नाही म्हटलं की मग राहिलंच."

"कावून नाही म्हणतं?" काकू म्हणाल्या. "चांगलं झालं. गोड कराले पाह्यजे." त्या आत गेल्या. रवा भाजल्याचा वास आला. शिरा घेऊन आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "वरची जांभळी भिंत सुकली का वो?"

"सुकली काकू."

"चांगली सुकू दे."

राहिलेलं काम मी पूर्ण केलं. शेवटी नेहमीप्रमाणे फोटो काढले. नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला तेच फोटो मी अजून वापरते. माझ्या कामातले ते सगळ्यात देखणे. त्यात एकही माणूस नाही, एक पाण्याचा ग्लाससुद्धा नाही. मुलगा महिनाअखेरीस काकूंनाही बिलासपूरला घेऊन गेला. मी कामाला जाता येता त्या गल्लीतून स्कूटर घालायची. फाटकाला कुलूप, आत कडुनिंबाचा पाला साचलेला. वळसा पडायचा, तरी जायची.

ऊन तापायला लागलं होतं तेव्हा काकूंचा फोन आला.

"मी आली वापस. येजो."

गेले. काकू वाळल्या होत्या. मी विचारायच्या आधीच बोलायला लागल्या.

"पोरगा चांगला हाय, सूनबी चांगली हाय. कोणाची काही तक्रार नाही मले. पण क्वार्टर लहान. माह्यासाठी हॉलमध्ये दिवाण टाकला होता. दिवाण म्हणजे पाव्हण्याची जागा हाय वो. सारे उठाच्या आधी चादरीची घडी करून ठेवा लागते. टीव्ही बंद झाल्याशिवाय झोपता येत नाही. पाव्हणी म्हणून किती दिवस राहाचं?"

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"आता एक कर. हे घर माह्या एकटीच्या हिशेबानं करून दे."

मला वाटलं होतं हे सोपं असेल. घरी येऊन कागद घेऊन बसले आणि हात चालेना. मी शिकले ती सगळी घरं दोघांची आणि चौघांची. पलंगाला दोन बाजू, दोन बाजूंना दोन छोटी टेबलं. सोफा तीन अधिक दोनचा. एकट्या माणसाचं घर आम्हाला कुणी काढायला दिलंच नव्हतं. शेवटी जे सुचलं ते घेऊन गेले. न्हाणीत भिंतीला धरायची दांडी, न घसरणाऱ्या फरश्या. सगळ्या वस्तू कमरेच्या उंचीला, म्हणजे स्टूलावर चढायला नको. चालायच्या वाटेत जाजम नको, पाय अडकतो. रात्री उठलं तर न्हाणीपर्यंत जमिनीलगत छोटे दिवे. वरचा मजला भाड्याने.

काकूंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "हे तर तू दवाखान्याचं सांगून राहिली. दांडी लाव, चांगली गोष्ट हाय. पण मी तुले म्हातारीचं घर नाही विचारलं. एकट्या बाईचं घर विचारलं." कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तूबी तर एकटीच राहते ना? तुह्यं घर दाखव मले."

मी टाळायचा प्रयत्न केला. लिफ्ट बंद असते म्हटलं. "कितवा माळा?" "दुसरा." "मंग काय झालं?" असं म्हणून त्या पदर खोचून स्कूटरवर मागे बसल्यासुद्धा.

माझ्या घरी आई गेल्यापासून कुणी आलेलं नव्हतं. गिऱ्हाईकं त्यांच्या घरी भेटतात, कारागीर साइटवर. मी दार उघडलं आणि काकू आत आल्या.

हॉलमध्ये नमुने होते. सनमायकाचे तुकडे, फरश्यांची खोकी, पडद्यांच्या कापडाचे गठ्ठे, हँडलं लावलेल्या पाट्या. त्या सगळ्यांमध्ये, पंख्याखाली, माझी गादी. खाली जमिनीवर. भिंती बिल्डरने दिल्या तशाच, पांढऱ्या. एक प्लास्टिकची खुर्ची. आईची खोली बंद होती. आत तिचा पलंग आणि वडिलांच्या ट्रंका होत्या, आणि मी तिथे फक्त फिनेल टाकायला जात असे.

काकूंनी चपला काढल्या. स्वयंपाकघरात डोकावल्या. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक कप पालथे घातलेले होते. परत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. मी फरशीच्या खोक्यावर बसले.

"कावून वो? लोकाइचे घरं तू अशे सजवते, अन् तुह्यं असं?"

"वेळच भेटत नाही काकू."

"खोटं नको बोलू. कामाले वेळ नाही भेटत, हे मले नको सांगू. कोणाची वाट पाहून राहिली तू?"

"कोणाचीच नाही."

"मंग?"

खरंच कुणाची वाट नव्हती. फक्त असं वाटत आलं होतं की घर लावायचं ते कुणी यायचं असलं की. एकट्या माणसाला काय, पंखा आणि गादी पुरते. हे मी कधी ठरवलं नव्हतं, ते आपोआप तसं होऊन बसलं होतं.

"मीबी तेच करून राहिली होती," काकू म्हणाल्या. "लेकाच्या येण्याची वाट. सारं घर त्याच्यासाठी चकचकीत ठेवलं अन् मी धान्याच्या खोलीत झोपली. आता नाही पाहत." मग इकडेतिकडे बघून, "चहा तरी कर."

मी चहा केला. कपात त्यांना दिला, मी स्टीलच्या ग्लासात घेतला.

परत जाताना रस्त्यातच, स्कूटरवर, त्यांनी मागून सांगितलं, "माहा पलंग बैठकीत टाक."

"बैठकीत?"

"हो. खिडकीपाशी. मले माणसं दिसले पाह्यजे."

मी वाद घातला. रस्त्यावरून येणारेजाणारे आत बघतील, धूळ येईल, सकाळचं ऊन तोंडावर येईल. काकू म्हणाल्या, "हे सारे तुह्ये प्रश्न हायत. तू सोडव."

सोडवले. पलंग खिडकीसमोर न लावता बाजूच्या भिंतीला लावला, उशी आतल्या कोपऱ्याकडे. पडून रस्ता दिसायचा, पण रस्त्यावरून पलंग दिसायचा नाही. खिडकीला दोन पडदे केले. दिवसा पातळ, म्हणजे आतून बाहेरचं दिसतं आणि बाहेरून आतलं दिसत नाही; दिवेलागणीनंतर हेच उलटं होतं, म्हणून तेव्हासाठी जाड. सोफ्याचं प्लास्टिक काकूंनी स्वतः फाडून काढलं. मोठा सोफा वर गेला, दोन खुर्च्या खिडकीशी राहिल्या. छताच्या मधोमध लावलेला तो पांढरा झगझगीत दिवा मी बंद करायला सांगितला आणि पलंगाशी एक, खुर्चीशी एक असे पिवळे कमी उजेडाचे दिवे दिले. सगळी खोली उजळली की तिच्यातलं रिकामेपण दिसतं. आपण बसलो आहोत तेवढ्याच जागी उजेड असला की खोली तेवढीच होते.

काकू दिवसभर टीव्ही का लावतात तेही मला तेव्हा कळलं. घरात आवाज घुमायचा. वाटी ठेवली तरी जिन्यापर्यंत जायचा. रिकाम्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असली की असंच होतं. मी जिन्याच्या भिंतीला त्यांच्या लग्नातली जाड सतरंजी टांगली, बैठकीत जाड कापड वापरलं, काकांची पुस्तकं ट्रंकेतून काढून उघड्या भिंतीला कपाटात लावली. घर शांत झालं. टीव्ही आपोआप बंद राहू लागला.

स्वयंपाकघरात उंच ओट्याला लागून एक बुटका ओटा केला, स्टूलावर बसून भाजी चिरता येईल एवढा. सहा माणसांचं टेबल खुर्सीपारच्या सुताराने नेलं आणि त्याच लाकडाचं एक छोटं करून आणलं. जांभळ्या भिंतीला मात्र काकूंनी हात लावू दिला नाही. "उन्हाळ्यात येतील पोरी," म्हणाल्या. "त्याइची खोली राहू दे."

सगळं होऊन आठवडा झाला असेल, मुलगा आला. बिलासपूरहून सकाळच्या गाडीने, ड्यूटीवरून तसाच. मी खिडकीची कडी सरळ करत होते. तो बैठकीत आला आणि थबकला.

"आई, बैठकीत पलंग? लोग क्या सोचेंगे?"

"काय सोचतील?"

"कोणी आलं तर कुठे बसवणार?"

"कोण येते?"

मी कडीकडे बघत राहिले. ती कधीच सरळ झाली होती.

"तू आला ना," काकू म्हणाल्या, आवाज न चढवता. "तू बस पलंगावर. लेकरानं माईच्या पलंगावर बसाले काय होते?"

तो बसला. बूट काढून मग पाय वर घेतले. काकू पाणी आणायला गेल्या. परत आल्या तेव्हा तो आडवा झाला होता आणि बोलता बोलता त्याचे डोळे मिटले. भर दुपारी, सगळ्या गल्लीचे आवाज येत असताना, तो गाढ झोपला. काकूंनी पातळ पडदा ओढला आणि खुर्चीवर बसून बाहेर पाहत राहिल्या. मी हळूच माझी पिशवी उचलली. दारापर्यंत त्या आल्या आणि बोटाने "झोपला" एवढी खूण केली.

माझं काम तिथे संपलं.

पुढे काय झालं ते मी बाहेरून पाहिलं. काकू खिडकीशी बसतात हे गल्लीला दिसू लागलं. भाजीवाला आधी त्यांना हाक मारू लागला. शेजारची उडिया बाई मटार सोलायला त्यांच्याकडे येऊन बसू लागली, मग समोरची रायपूरची मराठी बाई, मग आणखी कुणी. दुपारी फाटकाशी चपला दिसायच्या. मी एकदा बिजागर बघायच्या निमित्ताने गेले, एकदा निमित्त नसतानाही गेले. काकूंनी पलंगावर सरकून जागा दिली, सगळ्यांना सांगितलं की घर हिनंच केलं. बायकांनी कौतुक केलं. मग बोलणं त्यांच्या गल्लीच्या पाण्यावर, कुणाच्या सुनेवर, कोणत्या तरी लग्नावर गेलं. मला त्यातलं कुणी माहीत नव्हतं. मी थोडा वेळ हसत बसले आणि उठले.

"येत जाजो वो," काकू म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

"येते काकू."

मला आनंदच झाला होता, त्यात खोट नाही. पण त्या दिवशी स्कूटर सुरू करताना मला एवढं कळलं की त्या घरात आता माझ्यासाठी ताट वाढलेलं असेल, पण माझी वाट पाहिली जाणार नाही. ते बरोबरच होतं. मी तेवढ्यासाठीच तर काम केलं होतं.

काही दिवसांनी मी आईची खोली उघडली. खिडकी बरीच वर्षं न उघडल्यामुळे फुगली होती, खांद्याने ढकलावी लागली. ट्रंका भावाला विचारून मोकळ्या केल्या. तो फोनवर म्हणाला, "तुला हवं ते ठेव."

मग खोलीचं माप घ्यायला टेप काढला. साइटवर टेपचं दुसरं टोक धरायला नेहमी कुणीतरी असतं. इथे नव्हतं. फरशीचं खोकं ढकलत आणून त्याच्याखाली टोक दाबलं आणि दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत गेले. मध्ये एकदा टोक सुटलं, टेप सळसळत माझ्या हातावर आला. परत लावलं. सगळी मापं झाली.

आईचा पलंग पॉलिश करून घेतला. भिंतीला फिकट मातकट रंग ठरवला. तीन तुकडे रंगवून पाहिले, तीनही वेळा बघायला मीच होते. मग इलेक्ट्रिशियनला बोलावलं. रंग द्यायच्या आणि फर्निचर जागेवर ठेवायच्या आधी विजेचे पॉइंट, हा माझाच नियम.

त्याने भिंतीवर पेन्सिल टेकवली. "मैडम, स्विच किस तरफ दूँ? आप किस साइड सोती हैं?"

हॉलमध्ये पंख्याखाली मी कशीही झोपायची, नमुने जिथे जागा सोडतील तशी. लग्नात भिंतीकडची बाजू माझी होती, पण ती मी निवडलेली नव्हती.

"आप चाय पी लीजिए," मी त्याला म्हटलं. तो कप घेऊन बाल्कनीत गेला.

मी दार लोटून घेतलं आणि मोकळ्या फरशीवर आडवी झाले, पलंग जिथे येणार होता त्याच जागी. आधी डाव्या कुशीवर. समोर भिंत आणि तिच्यावरचे रंगाचे तुकडे, अगदी जवळ. मग उजव्या कुशीवर वळले. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती, तिच्यावर दोन मैना, आणि एका गच्चीत कुणीतरी वाळत घातलेल्या पिवळ्या चादरी. वारा नव्हता. बराच वेळ तशीच पडून राहिले. बाहेर कप खाली ठेवल्याचा आवाज आला तेव्हा उठले, पाठ झटकली आणि दार उघडलं.

"उजवीकडे," मी म्हटलं, आणि मग त्याला कळावं म्हणून, "राइट साइड."

त्याने खूण केली आणि भिंत फोडायला सुरुवात केली.